एकाच सिनेमाची पारायणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येकाकडे एक तरी सिनेमा असा असतो की तो कितव्यांदा बघतोय याची मोजदाद कधीच सुटलेली असते. माझ्याकडे असे अकरा आहेत. नवा सिनेमा लागला की मी जाते, पण जुना पुन्हा लावून बसायला मला तितकंच आवडतं. ओळखीच्यांना हे ठाऊक असल्यामुळे गेली कित्येक वर्षं तेच तेच प्रश्न माझ्याकडे येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पाहिलेलाच सिनेमा पुन्हा बघणं म्हणजे वेळ फुकट घालवणं नाही का?

मला तसं वाटत नाही. आवडतं गाणं शंभरदा ऐकणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसांना आख्यान आधीच पाठ असायचं, तरी ती रात्र रात्र बसायची. प्राचीन ग्रीसमध्ये नाटकाला जमणाऱ्या लोकांनाही ईडिपसचं पुढे काय होणार ते माहीत होतं. गोष्ट माहीत असणं ही तिथे अडचण नव्हतीच. ती कशी सांगितली जाते, हे बघायला लोक यायचे.

शिकागो विद्यापीठातले संशोधक एड ओब्रायन यांनी २०१९ साली यावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. संग्रहालयातलं प्रदर्शन, सिनेमा, व्हिडिओ गेम अशा गोष्टी लोकांना दुसऱ्यांदा अनुभवायला दिल्या आणि त्याआधी विचारलं, किती मजा येईल असं वाटतं? लोकांचा अंदाज कमी होता, प्रत्यक्षात मजा त्यापेक्षा जास्त आली. 'आपण हे पाहिलंय' असं आपल्याला वाटतं, पण त्यातला बराच भाग नजरेतून निसटलेला असतो.

शेवट पाठ आहे. तरीही त्या प्रसंगाला दर वेळी छातीत धडधडतं. हे काय आहे?

हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनाही छळतो. रिचर्ड गेरिग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर एक छान प्रयोग केला. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. गेरिग यांनी वाचकांना असा मजकूर दिला की वॉशिंग्टन हे पद नाकारतात की काय, अशी शंका यावी. मग विचारलं, ते राष्ट्राध्यक्ष झाले, हे खरं की खोटं? सगळ्यांना उत्तर येत होतं, पण अशी शंका पेरलेला मजकूर वाचणाऱ्यांना ते द्यायला जास्त वेळ लागला. गोष्टीत शिरलेलं मन बाहेरचं ज्ञान थोडा वेळ दाराशी ठेवतं, असा मी त्याचा अर्थ घेते.

दुसरं कारण थरारपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्याशी झालेल्या गाजलेल्या मुलाखतीत सांगून ठेवलं आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोट झाल्यावर त्याला क्षणभर धक्का बसेल. पण तो आधीच माहीत असेल, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पासुद्धा असह्य होतात. दुसऱ्यांदा सिनेमा बघणाऱ्याला सगळेच बॉम्ब माहीत असतात. पहिल्या वेळी तो सुरुवातीच्या वीस मिनिटांत निवांत बसलेला असतो. दुसऱ्या वेळी त्याच वीस मिनिटांत नायिका हसत हसत घराबाहेर पडते आणि आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं, अगं, आज जाऊ नकोस.

म्हणजे शेवट कुणी आधीच फोडला तर काही बिघडत नाही?

यावर एकमत नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली लघुकथांवर प्रयोग केला, तेव्हा शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही दिसलं.

माझं मत सरळ आहे. पहिलं बघणं एकदाच मिळतं, दुसरं हवं तेवढं. त्यामुळे कुणाचं पहिलं बघणं हिरावून घेऊ नये. शेवट फोडणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बघताना नवीन असं काय दिसतं?

पहिल्यांदा आपले डोळे गोष्टीमागे धावत असतात. कोण बोलतंय, काय म्हणतंय, आता कुठे जाणार. पडद्याचा बाकीचा भाग दिसत असूनही दिसत नाही.

हे किती खरं आहे याचा पुरावा आहे. डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स यांनी १९९७ साली एक छोटी फिल्म बनवली. दोन मैत्रिणी बोलत बसल्या आहेत, एवढंच तिच्यात होतं, पण प्रत्येक कटनंतर मुद्दाम काहीतरी बदललेलं होतं. गळ्यातला स्कार्फ गायब, ताटलीचा रंग वेगळा, असे एकूण नऊ बदल. पहिल्यांदा बघणाऱ्यांना जवळजवळ काहीच दिसलं नाही. मग बदल आहेत असं सांगून पुन्हा दाखवली, तरी सरासरी नऊपैकी दोनच सापडले. त्याच अभ्यासात दुसऱ्या एका फिल्ममध्ये कट झाल्यावर चक्क माणूसच बदलला होता. सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांना ते कळलं नाही.

आणि सिनेमा म्हणजे केवढा ऐवज असतो! सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम) या हिशेबाने दोन तासांत १,७२,८०० चौकटी होतात. एका बैठकीत यातलं हाताला किती लागणार?

माझ्या आवडत्या एका सिनेमात दोन भाऊ घराच्या वाटणीचं बोलत बसलेले असतात. थोरला बोलतो, धाकटा ऐकतो, कॅमेरा दोघांवर. मागे दाराशी त्यांची म्हातारी आई उभी असते, किंचित धूसर. तीन वेळा पाहून झाल्यावर चौथ्यांदा माझी नजर तिच्या हाताकडे गेली. दाराच्या चौकटीवरचा सुटलेला रंग ती नखाने खरवडत होती. थोरला म्हणतो, विकून टाकू, आणि तिचं बोट थांबतं. मग जिथला रंग तिनेच खरवडलेला असतो, त्या जागेवरून ती तळहात फिरवते, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्या नटीला त्या दृश्यात एकही वाक्य नाही. तेव्हापासून ते दृश्य माझ्यासाठी तिचंच झालं आहे. भाऊ काय बोलतात ते आता मला ऐकूही येत नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, बोलणाऱ्याकडे नंतर बघा, आधी ऐकणाऱ्याकडे बघा. चांगला नट ऐकताना ओळखू येतो. गोष्टीच्या शेवटी जे उगवतं, ते कुठे पेरलं होतं तेही दुसऱ्या फेरीतच सापडतं. पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी जाता जाता टाकलेलं एक वाक्य, भिंतीवर लटकणारी एक किल्ली. पेरलेलं पहिल्या वेळी कळू नये आणि दुसऱ्या वेळी लपू नये, हे जमवणारा दिग्दर्शक माझ्या लेखी मोठा.

कधीतरी पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकून बघा. पार्श्वसंगीत कुठे सुरू होतं त्यापेक्षा कुठे थांबतं, ते ऐका. अगदी हादरवणाऱ्या प्रसंगात कितीदा संगीतच नसतं, हे मला असंच कळलं.

कोणते सिनेमे पारायणाला टिकतात? यादी द्याल का?

यादी देणार नाही, कारण माझी यादी तुमच्या काही कामाची नाही. पण काय टिकतं याबद्दल अनुभवाने थोडं सांगता येईल.

थोर सिनेमा आणि पुन्हा पुन्हा बघण्याचा सिनेमा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत थोर सिनेमांपैकी दोन मी एकेकदाच पाहिले आहेत. पुन्हा बघायचं धाडस होत नाही. उलट माझ्या अकरांपैकी निदान चार असे आहेत की त्यांच्यातले दोष मी बोट ठेवून दाखवू शकते.

टिकणाऱ्या सिनेमात एक जग असतं, जिथे जाऊन बसावंसं वाटतं. त्यातल्या घराच्या खोल्या आपल्याला माहीत असतात, कुठल्या जिन्याची कुठली पायरी करकरते तेसुद्धा. दुय्यम पात्रं जिवंत असतात. केवळ एका रहस्यावर उभा असलेला सिनेमा दुसऱ्या फेरीत बसकण मारतो, पण रहस्य उलगडल्यावर आधीच्या प्रत्येक प्रसंगाला दुसरा अर्थ येत असेल, तर तोच सिनेमा दुपटीने फळतो. आणि प्रसंग सुटे सुटे बघूनही पुरे वाटले पाहिजेत. चॅनल बदलताना मधूनच लागला, तरी रिमोट खाली ठेवावासा वाटतो तो खरा पारायणाचा सिनेमा.

विनोद तर एकदा कळला की संपतो. मग विनोदी सिनेमेच सगळ्यांत जास्त वेळा का बघितले जातात?

कारण चांगला विनोद कळण्यापेक्षा तालावर जास्त चालतो. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला, आणि त्याच्या प्रदर्शनानंतर जन्मलेल्या पोरांनाही त्यातले प्रसंग तोंडपाठ असतात. मुळात ती गोष्टही नवी नव्हती. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून ती घेतलेली होती. पण अशोक सराफ वाक्याआधी जो अर्धा क्षण थांबतात, लक्ष्मीकांत बेर्डे गोंधळताना जसे मान वळवतात, ते कुठल्याही गोष्टीत लिहून ठेवता येत नाही. तबल्याची सम कधी येणार हे माहीत असूनही तिथे मान डोलतेच, तसं आपण हसतो. शिवाय पाठ असलेल्या वाक्याआधीच हसू फुटायला लागतं, ती मजा पहिल्या वेळी मिळतच नाही.

जो सिनेमा हमखास रडवतो, तोच मी पुन्हा लावते. हे बरं लक्षण आहे ना?

हो, अगदी. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यात करुण आहेच. पडद्यावरचं किंवा रंगमंचावरचं दुःख आपल्याला हवंहवंसं का वाटतं, यावर नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांच्यापासून पुढे अनेकांनी विचार केला आहे. ते दुःख आपलं असतं आणि नसतंही. त्यात रडता येतं, पण त्याचं काही करावं लागत नाही. कुणाला फोन करायचा नसतो, कुठे सह्या करायच्या नसतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर, माझे वडील गेल्यावर मला कित्येक महिने रडू आलं नव्हतं. एका संध्याकाळी जुना सिनेमा लावला. त्यात वडिलांचा काही संबंध नव्हता, गोष्ट एका पोस्टमनची होती. कुठे रडायचं ते मला आधीपासून माहीत होतं. त्या जागेपर्यंत पोहोचले आणि मग पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही. नव्या सिनेमाने हे झालं नसतं, कारण नव्या सिनेमात आपण सावध असतो.

दमून घरी आल्यावर नवा सिनेमा लावायचं जिवावर येतं आणि जुनाच लावला जातो. असं का होतं?

नव्या सिनेमात सुरुवातीला काम असतं. कोण कुणाचा कोण, काळ कुठला, विश्वास कुणावर ठेवायचा, हे सगळं लावून घ्यावं लागतं. जुन्यात ते आधीच झालेलं असतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला जास्त आवडू लागते. पुढे मानसशास्त्रज्ञ जे डेरिक (Jaye Derrick) यांचा २०१३ सालचा अभ्यास आहे. मनाला आवर घालून करावं लागणारं काम केल्यानंतर लोकांचा ओढा ओळखीच्या काल्पनिक जगाकडे वाढतो, आणि तिथे जाऊन आल्यावर त्यांना पुन्हा ताकद आल्यासारखं होतं, असं त्यात दिसलं. ओळखीच्या माणसांत बसायचं, पण त्यांच्याशी बोलावं लागत नाही. दमलेल्या माणसाला आणखी काय हवं!

माझी चार वर्षांची मुलगी रोज एकच सिनेमा बघते. बंद करू का?

पडद्यासमोर किती वेळ बसू द्यायचं, हा प्रश्न वेगळा आणि तो तुम्ही ठरवा. पण 'तोच का' याची काळजी करू नका.

'ब्लूज क्लूज' या मुलांच्या मालिकेच्या निर्मात्यांनी एकच भाग आठवड्यात सलग पाच दिवस दाखवायची पद्धत ठेवली होती. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर त्याचा अभ्यास झाला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. फेऱ्यांगणिक मुलांची समज वाढत गेली, आणि ती पडद्याला ओरडून उत्तरं देऊ लागली. लहान मुलाला जगात फार थोड्या गोष्टी आधी ओळखता येतात. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे, हा आनंद त्याच्यासाठी किती मोठा असेल! शेजारी बसा आणि मध्येच विचारा, आता काय होणार? तिचा चेहरा बघा.

लहानपणी जीव टाकायचे त्या सिनेमावर. परवा पाहिला तर अगदीच पोकळ वाटला. नसता पाहिला तर बरं झालं असतं का?

हे दुखतं, खरं आहे. पण नीट बघितलं तर त्यातही तुम्हाला काहीतरी सापडेल. लहानपणी मला एका सिनेमातली कडक आई खलनायिका वाटायची. आता पाहिला, तर त्या घरात पैशांचा हिशेब करणारी ती एकटीच आहे, आणि गाणं म्हणत फिरणाऱ्या बापाचा मला राग आला. सिनेमा पोकळ निघाला तर तो सोडून द्या. पण त्याआधी दुसऱ्या एखाद्या पात्राच्या बाजूने बसून एकदा बघा.

एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या प्रती असतात म्हणे. कुठली बघावी?

असतात, आणि फरक लहानसहान नसतो.

'शोले' १९७५ च्या १५ ऑगस्टला प्रदर्शित झाला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरला ते मान्य झालं नाही, म्हणून पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. कित्येक पिढ्यांनी हा दुसरा शेवटच पाहिला. गंमत म्हणजे हा सिनेमा लोकांनी कानांनीही पाठ केला, कारण त्याच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या होत्या आणि त्या प्रचंड खपल्या.

रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' १९८२ साली आला तेव्हा स्टुडिओने त्याला नायकाचं निवेदन आणि गोड शेवट जोडला होता. १९९२ च्या आवृत्तीत दोन्ही काढले गेले. स्कॉट यांच्या मनासारखी आवृत्ती २००७ साली आली. गोड शेवटाची प्रत पाहिलेला माणूस आणि २००७ ची प्रत पाहिलेला माणूस एकमेकांशी बोलू लागले, तर दोघांनी वेगळेच सिनेमे पाहिलेत असं वाटावं.

टीव्हीचीही एक भानगड आहे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या 'पाल' (PAL) या प्रसारणपद्धतीत चित्र सेकंदाला पंचवीस चौकटींनी चालायचं, सिनेमा चोवीसचा. म्हणून सिनेमा चार टक्के वेगाने पळवला जायचा. दोन तासांचा सिनेमा साधारण एकशे पंधरा मिनिटांत संपायचा आणि आवाजही जरासे चढे यायचे. त्यातून रुंद पडद्याचा सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीत बसवायला दोन्ही बाजूंनी छाटायचे. २.३५ प्रमाणाच्या सिनेमातलं चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र असंच जायचं. वर सांगितलेली दाराशी उभी असलेली आई तेव्हा टीव्हीवर पाहणाऱ्यांना दिसलीही नसेल.

म्हणून आवडत्या सिनेमाची पूर्ण रुंदीची, नीट दुरुस्त केलेली प्रत मिळाली तर जरूर बघा. फक्त एक आहे. ज्या प्रतीवर तुमचा जीव जडला, ती छाटलेली असली तरी तुमच्यासाठी मूळ तीच, आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

घरी बसून पुन्हा बघणं ही सोय आली कधी?

फार जुनी नाही. सोनीचं बीटामॅक्स १९७५ साली आणि जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ साली आलं. त्याआधी सिनेमा पुन्हा थेटरात लागेपर्यंत किंवा टीव्हीवर येईपर्यंत वाट बघायची, एवढंच हाती होतं. अमेरिकेत तर स्टुडिओंनी सोनीवर खटला भरला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घरी टीव्हीवरून रेकॉर्ड करून नंतर बघणं बेकायदा नाही, असा निकाल १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी लागला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर?

भाड्याच्या कॅसेटवर लोकांची आवड उमटलेली असायची. जो प्रसंग लोक थांबवून, मागे नेऊन पुन्हा बघत, तिथे फीत झिजलेली असायची आणि नेमक्या त्याच जागी पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या. आपल्या आधी कितीतरी अनोळखी माणसं इथे थांबून गेली आहेत, हे त्या रेघांवरून कळायचं.

प्रदर्शित झाला तेव्हा पडलेला सिनेमा नंतर सगळ्यांचा आवडता कसा होतो?

बहुतेकदा तो सारखा समोर येत राहतो म्हणून. फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ सालचा. तिकीटबारीवर त्याने निराशाच केली. १९७४ साली त्याच्या हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि टीव्हीवाल्यांना तो जवळपास फुकट दाखवता येऊ लागला. दर नाताळात चॅनलांनी तो इतक्यांदा दाखवला की त्या सणाचं आणि त्याचं नातंच जुळलं. एका कागदावर सही राहिली, म्हणून एक सिनेमा वाचला.

अर्थात नुसतं समोर येऊन भागत नाही. तसे कितीतरी सिनेमे फुकट मिळत होते, ते कुणाच्या लक्षातही नाहीत.

एकट्याने बघावा की सगळ्यांनी मिळून?

दोन्ही करून बघा. सगळ्यांनी मिळून बघण्याचं टोक म्हणजे १९७५ सालचा 'रॉकी हॉरर पिक्चर शो'. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. नेहमीचे प्रेक्षक पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले, पडद्यावरच्या वाक्यांना ओरडून उत्तरं देऊ लागले, आणि हे प्रकरण पुढे कित्येक दशकं चालू राहिलं. मी स्वतः रडायचा सिनेमा एकटी बघते आणि हसायचा चौघांत.

माझा सर्वांत लाडका सिनेमा नवऱ्याला दाखवला. तो मध्येच फोन बघत होता. वाईट वाटलं.

वाटणारच. पण एक विचारते, तुम्ही सिनेमा बघत होतात की त्याचा चेहरा? आपण लाडका सिनेमा कुणाला दाखवतो तेव्हा दर दोन मिनिटांनी वळून बघतो, 'आता बघ हं' म्हणतो, आणि समोरच्यावर परीक्षेला बसल्यासारखं दडपण येतं. तुमच्यासाठी तो तिसावा खेळ, त्याच्यासाठी पहिला. त्याला त्याच्या वेगाने बघू द्या. शक्य असेल तर त्याच्या मागच्या खुर्चीवर बसा. आणि नाहीच आवडला तर त्याचा लाडका कुठला ते विचारा आणि फोन बाजूला ठेवून तो पूर्ण बघा.

ओटीटीवरून माझा आवडता सिनेमा एका रात्रीत नाहीसा झाला. काय करू?

तिथे सिनेमे ठरावीक मुदतीच्या करारावर असतात, करार संपला की जातात. जो सिनेमा वर्षातून एकदा तरी लागतो, त्याची डिस्क मिळत असेल तर विकत घ्या आणि ती चालवणारं यंत्रही जपा. ओळखीचा सिनेमा हातात धरता येतो, याचं समाधान वेगळंच आहे.

शेवटची वीस मिनिटं मी कधीच बघत नाही, त्याआधीच बंद करते. असं बघितलेलं चालतं का?

न चालायला काय झालं! माझी मावशी एक सिनेमा चाळीस वर्षं असाच बघत आली. नायकाला गोळी लागते त्याच्या जरा आधी सनई वाजते. ती सनई सुरू झाली की मावशी उठायची आणि आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायची. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं, कुणी हाक मारायचं नाही. सिनेमा संपल्यावर ती बाहेर यायची आणि विचारायची, झालं?

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या दुखण्यामुळे तिला पटकन उठता आलं नाही. सनई वाजली, गोळी लागली, नायक पायऱ्यांवर बसला आणि डोकं टेकून गेला. जेमतेम दीड मिनिटाचा प्रसंग. मी तिचा हात धरला होता. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच होय गं? मला वाटायचं, फार तळमळतो तो."

गेल्या महिन्यात आम्ही तो पुन्हा लावला. गुडघा आता बरा आहे. सनई वाजली आणि मावशी उठून घड्या घालायला गेली.